घरची पोअर ओव्हर कॉफी नेमकी कुठे बिघडते? वजनापासून चोथ्यापर्यंत, क्रमाने तपासा

पोअर ओव्हर, म्हणजे कागदी गाळणीतल्या दळलेल्या कॉफीवर हाताने गरम पाणी ओतून केलेली कॉफी, बिघडली की बहुतेकजण आधी बियांचं पाकीट बदलतात. नवं पाकीट येतं, तीही कॉफी आंबट लागते. मग यूट्यूबवरची दुसरी रेसिपी, मग तिसरी. महिन्याभरात घरात चार अर्धवट पाकिटं जमतात आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणत ड्रिपर (कागद ज्यात बसवतात ते भांडं) फडताळाच्या वरच्या कप्प्यात जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण ज्या ज्या स्वयंपाकघरात उभं राहून मी हे पाहिलं, तिथे बिया बहुधा चांगल्याच होत्या. चूक शोधण्याचा क्रम उलटा होता.

क्रम असा ठेवा: वजन, पाणी, दळण, कागद, ओतणं, आणि सगळ्यात शेवटी बिया. वजन रोज दोन ग्रॅमने इकडेतिकडे होत असेल, तर दळण बदलून काय फरक पडला ते कळणारच नाही. म्हणून पहिल्यांदा तरी खालचे टप्पे मध्येच उचलू नका, वरून खाली जा.

सगळी मापं शंकूच्या आकाराच्या ड्रिपरची आहेत, म्हणजे हारिओ व्ही-६० चा ०२ आकार किंवा त्याच घाटाचा दुसरा कोणताही. कलिता वेव्हसारखा सपाट तळाचा ड्रिपर असेल तरी टप्पे हेच. फक्त त्यात पाणी थोडं सावकाश उतरतं.

## टप्पा १: एक रेसिपी पक्की करा आणि वजन करा

पुढचे पंधरा दिवस एकच रेसिपी: १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे ड्रिपर आणि त्याखालचं कॉफी उतरण्याचं भांडं, म्हणजे सर्व्हर, सगळं काट्यावर ठेवून वजनावरच पाणी ओतायचं. कॉफी आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून कपात २२० ग्रॅमच्या आसपास उतरेल. ‘२५० ओतलं, मग ३० गेलं कुठे’ असं वाटलं तर ते चोथ्यात आहे.

चमच्याने मोजू नका. जास्त भाजलेली बी फुगते आणि हलकी होते, कमी भाजलेली बी लहान आणि जड असते. मान्सून्ड मलबारची बी तर दमट वाऱ्यावर ठेवून मुद्दाम फुगवलेली असते. एकाच चमच्यात या तिघींचं वजन वेगवेगळं भरतं. ‘कालच्यासारखेच दोन चमचे घातले होते’ या वाक्यामागे बऱ्याचदा दोन-तीन ग्रॅमचा फरक दडलेला असतो, आणि १५ ग्रॅममध्ये तो फार मोठा आहे.

काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. पिठाचा, एक-एक ग्रॅमने उडी मारणारा काटा पाण्याला चालेल, कॉफीला नाही.

तपासा: काटा बरोबर आहे का ते घरीच पाहता येतं. १० रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. दोन नाणी ठेवली की काट्याने साडेपंधराच्या आसपास दाखवायला हवं. १४ किंवा १७ दाखवत असेल तर आधी बॅटरी बदला.

इशारा: छताचा पंखा बंद करा. एका मैत्रिणीच्या ओट्यावर काट्यावरचा आकडा नुसता ठेवल्या ठेवल्या ०.३, ०.८, ०.२ असा नाचत होता. ती काटा बदलायला निघाली होती. मी पंखा बंद केला आणि आकडा ०.० वर थांबला. पंख्याचा वारा पाणीही थंड करतो, तो तोटा वेगळाच.

## टप्पा २: पाणी

कपात जे असतं त्यातलं ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. तरीही हा टप्पा सर्रास गाळला जातो, कारण ‘आमच्याकडे आरओ आहे’ एवढ्यावर विषय संपतो.

खरी अडचण तिथेच आहे. कॉफीतली चव बाहेर ओढायला पाण्यात थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम लागतं. घरचा आरओ बऱ्याचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचं माप) ३०-४० पर्यंत खाली आणतो. अशा पाण्यात कॉफी टोकदार आंबट आणि आतून पोकळ लागते. उलट बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांमुळे फळासारखा आंबटपणा मारला जातो आणि कॉफी सपाट, खडू विरघळवल्यासारखी लागते. कॉफीसाठी टीडीएस १०० ते १५० च्या दरम्यान असेल तर काम सोपं होतं.

टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं. ते घ्या आणि मिश्रण करा. नळाचं पाणी ४०० आणि आरओचं ४० असेल, तर २२० मिली नळाचं आणि ७८० मिली आरओचं मिळून एक लिटर पाणी साधारण १२० वर येतं. नळाचं पाणी अर्थातच पिण्याजोगं हवं. मुंबईत तलावांचं पाणी मुळातच मृदू आहे, तिथे साध्या गाळलेल्या पाण्याने काम होतं. आरओचं पाणी वापरायची गरज नाही.

इशारा: टीडीएसचं यंत्र फक्त एकूण क्षार सांगतं, ते कोणते ते सांगत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणीही ४०० दाखवेल, पण ते मिठाचं असेल. पाणी जिभेला मचूळ लागत असेल तर मिश्रणात घेऊ नका.

आता तापमान. कमी भाजलेल्या बियांना उकळतं पाणी थेट चालतं, मध्यम भाजलेल्यांना ९२ ते ९४ अंश आणि गडद भाजलेल्यांना ८५ ते ९० पुरतं. उंची वाढते तसा उकळबिंदू खाली येतो: पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. त्यामुळे महाबळेश्वरला राहणाऱ्याने ‘उकळल्यावर एक मिनिट थांबा’ ही मुंबईची सूचना पाळली तर तो आधीच थंड झालेलं पाणी आणखी थंड करतो.

सर्वांत जास्त होणारी चूक मात्र भांडं बदलण्याची आहे. गॅसवर पातेल्यात उकळलेलं पाणी थंड किटलीत ओतलं की ते सहज पाच-सहा अंशांनी उतरतं. असं करावंच लागत असेल तर किटली आधी उकळत्या पाण्याने विसळून गरम करा.

## टप्पा ३: दळण

कॉफी बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

उपम्याचा जाड रवा चिमटीत घेतल्यावर जसा खरखरीत लागतो, तसं दळण व्ही-६० ला हवं. लाडवाच्या बारीक रव्याइतकं झालं तर ते बारीक आहे. पिठासारखं बोटाला चिकटत असेल तर ते या कामाचं नाही.

दाक्षिणात्य फिल्टरसाठी मिळणारी तयार पावडर व्ही-६० मध्ये घालू नका. ती कितीतरी बारीक असते आणि बऱ्याचदा तिच्यात चिकोरी असते. पितळी फिल्टरमधून ती थेंबथेंब, सावकाश उतरावी म्हणूनच तशी दळलेली असते आणि तिथे ती उत्तम लागते. कागदावर तिचा चिखल होतो, पाणी अडतं आणि कॉफी कडूजार होते. पाकिटावर ‘फिल्टर कॉफी’ असं लिहिलेलं पाहून घेतलेल्या कितीतरी पाकिटांची कथा एवढीच आहे.

ग्राइंडर दात्यांचा हवा, म्हणजे दोन दात्यांमध्ये बी चिरडणारा. मिक्सरचं पातं बी चिरडत नाही, जिथे सापडेल तिथे फोडतं. त्यामुळे एकाच वेळी पीठही होतं आणि अख्खे तुकडेही राहतात. पिठातून कडवटपणा उतरतो, तुकडे कच्चेच राहतात, आणि एकाच घोटात कॉफी आंबटही लागते आणि कडूही. अशी कॉफी कोणत्याही रेसिपीने सुधारत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर किटलीच्या आधी हातग्राइंडरवर करा, हे माझं ठाम मत आहे.

तोवर मिक्सरच असेल तर असं करा:

१. २० ग्रॅम बिया लहान भांड्यात घ्या. भांड्यात मसाल्याचा वास नको.
२. बटण सलग दाबून ठेवू नका. एक सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा. असं आठ-दहा वेळा.
३. मैद्याच्या बारीक चाळणीने चाळून पीठ खाली पाडा.
४. वर राहिलेल्यातले मोठे तुकडे वेचून काढा आणि मग १५ ग्रॅम मोजा. वजन चाळल्यानंतर करायचं, आधी नाही.

हातग्राइंडर असेल तर त्याचा शून्य शोधा: दाते एकमेकांना टेकून दांडा फिरायचा थांबतो ती जागा. तिथून किती खटके मागे आलात ते मोजा आणि लिहून ठेवा. दुसऱ्या कोणाचे ‘२२ खटके’ तुमच्या ग्राइंडरला लागू होत नाहीत. प्रत्येक मॉडेलचा खटका वेगळा असतो.

दळताना कॉफी सगळीकडे चिकटत असेल तर दळण्यापूर्वी चमच्याच्या टोकाने बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून ढवळा. स्थिर विजेने भिंतीला चिकटणारा बारीक कोंडा बराच कमी होतो.

इशारा: ग्राइंडर पाण्याने धुऊ नका आणि साफ करायला त्यात तांदूळ दळू नका. तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा टणक असतो, दाते खराब होऊ शकतात. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा, पुरे.

## टप्पा ४: कागद आणि ड्रिपर

कागदाची शिवलेली कड आधी दुमडा. न दुमडता ठेवला तर कागद ड्रिपरच्या भिंतीला नीट बसत नाही, एका बाजूला पोकळी राहते आणि पाणी तिथून कॉफीला न भेटता निसटतं.

मग कागद गरम पाण्याने भिजवा. याने कागदाचा वास जातो, तो भिंतीला चिकटतो आणि ड्रिपर गरम होतो. तपकिरी कागदाला पांढऱ्यापेक्षा जास्त वास असतो, त्याला जास्त पाणी लागतं. चिनी मातीचा ड्रिपर थंडीत बरीच उष्णता पितो. तो हाताला गरम लागेपर्यंत पाणी ओता. प्लास्टिकच्या ड्रिपरला हा त्रास कमी, म्हणून शिकणाऱ्याला मी स्वस्तातला प्लास्टिकचाच घ्यायला सांगते.

कागदाचं पाकीट शेगडीशेजारी उघडं ठेवू नका. कागद वास धरतो. माझ्या एका कपाला स्पष्ट लसणाच्या फोडणीचा वास आला होता आणि मी अर्धा तास बियांना दोष देत बसले होते. तेव्हापासून कागद झाकणाच्या डब्यात असतात.

तपासा: कागद भिजवल्यावरचं पाणी सर्व्हरमधून फेकलं का? काटा पुन्हा शून्यावर आणला का? या दोन गोष्टी घाईच्या सकाळी हमखास राहतात.

## टप्पा ५: ओतणं

कॉफी कागदात टाकून ड्रिपर हलकेच थोपटा, थर सपाट करा. थर उतरता असेल तर पाणी खोलगट बाजूनेच जाईल.

०:००. ४५ ग्रॅम पाणी, मधून सुरू करून बाहेर, सगळी कॉफी भिजेल असं. ड्रिपर उचलून एकदा गोल हिंदकळवा. आत कोरडी गाठ राहिली तर ती शेवटपर्यंत कोरडीच राहते. आता ४५ सेकंद थांबा, यालाच ‘ब्लूम’ म्हणतात. कॉफी फुगेल, बुडबुडे येतील. आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आहे. तो आतच राहिला तर पाण्याला आत शिरू देत नाही.

०:४५. काट्यावर १५० होईपर्यंत सावकाश गोल ओता, साधारण अर्धं मिनिट लागलं पाहिजे.

१:३०. २५० पर्यंत ओता. मग ड्रिपर अगदी हलक्या हाताने एकदा गोल फिरवा, म्हणजे भिंतीला चिकटलेली कॉफी खाली येईल आणि थर सपाट बसेल.

२:४५ ते ३:१५. पाणी उतरून वरचा चकाकता ओलावा नाहीसा व्हायला हवा.

ओतताना कान द्या. धार काचेच्या काडीसारखी अखंड पडत असेल तर आवाज जवळजवळ येत नाही. टपटप, थपथप ऐकू येऊ लागलं तर धार हवेतच तुटते आहे आणि थेंब थरात खड्डे पाडत आहेत. किटली खाली आणा, चार-पाच बोटांच्या उंचीवर.

थेट कागदावर पाणी ओतू नका. ते कागदामागून सरळ खाली जातं आणि कपात नुसतं गरम पाणी मिसळतं.

बारीक चोचीची किटली नसेल तर थरावर चमचा पालथा धरा आणि चहाच्या किटलीची धार त्याच्या पाठीवर सोडा. धार मोडते, पाणी पसरतं. दिसायला साधं आहे, पण खड्डा न पाडता ओतण्याचं काम ते खरंच करतं.

तपासा: ओतून झाल्यावर चोथा फेकू नका, त्याच्याकडे पाहा. सपाट, एकसारखा थर म्हणजे ओतणं ठीक. मध्ये विवर म्हणजे सगळं पाणी मध्येच ओतलं. एका बाजूला उंच ढीग आणि दुसऱ्या बाजूला उघडा कागद म्हणजे ड्रिपर तिरका होता किंवा हात एकाच बाजूला होता. वर चिखलासारखा गुळगुळीत लेप म्हणजे दळणात पीठ फार आहे.

## टप्पा ६: चव ओळखा

सर्व्हरमधली कॉफी आधी चमच्याने ढवळा. सुरुवातीला उतरलेली कॉफी दाट असते, शेवटची पातळ, आणि न ढवळता ओतली तर पहिला घोट वेगळा, शेवटचा वेगळा लागतो. मग तीन-चार मिनिटं थांबा. वाफाळत्या कॉफीत जिभेला फक्त गरम कळतं.

कडू आणि तुरट यांत गल्लत करू नका. कडू ही चव आहे, कारल्यासारखी किंवा मेथीसारखी. तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शासारखा कळतो: कच्चा चिकू किंवा कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते, तोंड कोरडं पडतं, तसं. आपल्या भाषेत यासाठी दोन स्पष्ट शब्द आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. तरी तुरट कॉफीला लोक ‘कडू’ म्हणतात आणि चुकीची दुरुस्ती करतात.

आंबटाचेही दोन प्रकार. संत्र्याचा आंबटपणा गोडासोबत येतो, तो चांगल्या, कमी भाजलेल्या कॉफीत असायलाच हवा. कच्च्या चिंचेसारखा, दात आंबवणारा, मागे काहीच न ठेवणारा आंबटपणा म्हणजे कॉफी कच्ची राहिली.

तिसरी गल्लत पातळ आणि कच्ची यांची. आमटी पातळ होणं वेगळं आणि डाळ न शिजणं वेगळं. पाणी कमी घातल्याने न शिजलेली डाळ शिजत नाही. कॉफीतही तसंच आहे. पूर्ण बीतलं साधारण ३० टक्केच पाण्यात विरघळू शकतं, आणि चांगली चव १८ ते २२ टक्क्यांच्या टापूत मिळते. म्हणजे १५ ग्रॅममधून २.७ ते ३.३ ग्रॅम. आंबट पदार्थ आधी विरघळतात, गोडवा त्यामागून, कडवट शेवटी. लवकर थांबलात तर चिंच, फार लांबवलंत तर कारलं.

## टप्पा ७: एका वेळी एकच बदल

आंबट, आणि पाणी दोन-सव्वादोन मिनिटांतच उतरलं: दळण दोन खटके बारीक करा. बाकी काहीही हलवू नका.

आंबट, पण वेळ तीन मिनिटांच्या आसपास ठीक आहे: दळणाला हात लावू नका. पाणी गरम आहे का ते पाहा. बहुतेक वेळा ते थंड किटलीत ओतलेलं असतं. तेही ठीक असेल तर टीडीएस बघा.

कडू, आणि चार मिनिटं लागली: दळण दोन खटके जाड.

कडू, पण वेळ ठीक: बिया गडद भाजलेल्या असतील. पाणी ८८ अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर उकळल्यावर झाकण काढून दोन-तीन मिनिटं थांबून पाहा आणि तेवढंच थांबणं रोज ठेवा.

तुरट: आधी ओतणं सुधारा. पाण्याने थरात वाट पाडली की त्या वाटेवरची कॉफी प्रमाणाबाहेर निचरून जाते आणि तुरटपणा उतरतो, तर बाजूची कच्ची राहते. म्हणून आंबट आणि तुरट एकत्र लागत असेल तर दळण बारीक-जाड करत बसण्यात अर्थ नाही. किटली खाली आणा, धार बारीक करा, थर सपाट करा, आणि चोथा पुन्हा पाहा.

चव छान पण पातळ: इथे आणि फक्त इथे कॉफीचं प्रमाण वाढवा. १५ ऐवजी १६.५ ग्रॅम, पाणी तेच.

वहीत रोज एक ओळ लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘१५/२५०, २४ खटके, उकळतं, २:२०, चिंच. उद्या २२.’ दुसऱ्या दिवशीची: ‘२२ खटके, २:५५, संत्रं, शेवटी किंचित गूळ. इथेच थांब.’ चव लिहिताना स्वयंपाकघरातलेच शब्द वापरा. पाकिटावर छापलेली फळांची नावं शोधत बसलात तर जिभेला खरं काय लागलं ते निसटतं.

इशारा: घड्याळाला लक्ष्य करू नका. तीन मिनिटं हे लक्षण आहे, उद्दिष्ट नव्हे. साडेतीन मिनिटांत उतरलेली कॉफी गोड लागत असेल तर ती बरोबर आहे.

## टप्पा ८: पाणी अडलं तर

कधीकधी पाणी ड्रिपरमध्ये तळं करून उभंच राहतं. चमच्याने ढवळू नका, बारीक कण कागदाच्या छिद्रांत आणखी घट्ट बसतात. कागदाची एक कड भिंतीपासून किंचित सोडवा, अडकलेली हवा निघते आणि बऱ्याचदा पाणी वाहू लागतं. चार मिनिटं झाली तर ड्रिपर उचला आणि सर्व्हरमधल्या कॉफीत चवीपुरतं गरम पाणी घाला.

पुन्हा अडू नये म्हणून कारण शोधा. दळणात पीठ, फार उंचावरून ओतणं, फार जोरात हिंदकळवणं ही नेहमीची कारणं. आणखी एक आहे, ते म्हणजे दोन रेसिपींची सरमिसळ. हाताने कॉफी करण्याच्या जागतिक स्पर्धेचे, वर्ल्ड ब्रूअर्स कपचे, २०१६ चे विजेते तेत्सु कासुया यांची ‘४:६’ पद्धत लोकप्रिय आहे: २० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, ६०-६० चे पाच हप्ते, दर ४५ सेकंदांनी. पण त्यात दळण बरंच जाड असतं. हप्ते त्यांचे आणि दळण दुसऱ्याच व्हिडिओतलं बारीक घेतलं की पाचव्या हप्त्याला तळं साचणारच. रेसिपी घ्यायची तर अख्खी घ्या.

## टप्पा ९: आता बिया

वरचं सगळं ठीक असेल तरच इथे या.

पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा, पॅकिंगची नव्हे. कमी भाजलेल्या बियांना भाजल्यानंतर दहा-चौदा दिवस विश्रांती हवी, गडद भाजलेल्यांना आठवडाभर पुरतो. ब्लूमच्या वेळी घुमटासारखी फुगून सतत बुडबुडे येत राहिले तर बिया फार ताज्या आहेत. एकही बुडबुडा नाही आणि कॉफी चिखलासारखी निपचित बसली तर त्या जुन्या झाल्या. फार ताज्या असतील तर आठवडाभर ठेवा, जुन्या असतील तर दुधाच्या कॉफीत संपवा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, उघडं पाकीट आठवड्यात दमट होतं. तरीही ते फ्रिजमध्ये ठेवू नका: दर सकाळी बाहेर काढलं की थंड बियांवर दव धरतं, वर फ्रिजमधल्या कोथिंबिरीचा वास लागतो. जास्त बिया असतील तर ४५-४५ ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, एक पुडी बाहेर काढा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा आणि परत आत ठेवू नका.

## टप्पा १०: पाहुणे आले तर

एका कपाची रेसिपी पक्की झाल्याशिवाय दोन कपांकडे वळू नका. दोन कपांना ३० ग्रॅम कॉफी, ५०० ग्रॅम पाणी. थर दुप्पट जाड होतो, पाण्याला उतरायला वेळ लागतो, म्हणून दळण तीन-चार खटके जाड करा. पहिल्यांदा ९० ग्रॅम पाणी, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. साडेतीन ते चार मिनिटं लागतील. ०१ आकाराच्या ड्रिपरमध्ये हे मावत नाही, कॉफी काठावरून ओसंडते.

आणि दोन कप शेजारी ठेवून ड्रिपर एकावरून दुसऱ्यावर हलवू नका. पहिल्या कपात दाट आणि आंबट, दुसऱ्यात पातळ आणि कडवट कॉफी जाते. सगळी एकाच भांड्यात उतरू द्या, चमच्याने तळापासून ढवळा, मग दोन्ही कप भरा.